मेकओव्हरच्या आधीची मुलगी

पत्र :

आक्का, मी २३ वर्षांची. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज बसने बेळगावला येते. शहापूरच्या खडेबाजारात कपड्यांच्या दुकानात काउंटरवर आहे, रात्री घरी ब्लाउज शिवते. रंग काळा-सावळा, अंगानं जाड, केस कुरळे. दुकानात लेडीज रेडिमेडचा नवीन सेक्शन निघतोय, तिथं 'प्रेझेंटेबल' मुलगी पाहिजे असं मालक बोललेत. त्यात मामीनं चंदगडकडचं स्थळ आणलंय. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तुळशीचं लग्न झालं की बघायला येणार. मामी म्हणते, 'अशीच समोर गेलीस तर कोण पसंत करतंय गे?' ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंनी तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय. केसांचं स्मूदनिंग, चेहरा उजळणं, वजनाची पावडर, सगळं मिळून १८ हजार. मी शिवणाच्या जुकी मशीनसाठी २६ हजार साठवलेत, त्यातले देऊ काय? ताईंनी आधी लावून बघ म्हणून एक डबी दिलीय, वर काही लिहिलेलं नाही. पंधरा दिवस लावतेय. खरंच उजळ दिसतंय, सगळे विचारतायत. मला फॅशनवरचे सिनेमे फार आवडतात. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' मोबाइलवर कितीदा बघितला असेन. त्यातली पोरगी कपडे बदलते आणि सगळे तिला मान द्यायला लागतात. माझंही तसं होईल काय, की हे सगळं खोटं असतंय?

उत्तर :

प्रिय मुली,

सिनेमाचं मागाहून बोलू. आधी ती डबी. आज रात्री ती लावू नकोस.

पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि डबीवर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. अशा मलमात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही त्यांची नावं. ही खरी औषधं आहेत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती मोजून, ठरावीक दिवसच देतात. चेहऱ्यावर रोज लावली की सुरुवातीला कातडी गोरी, गुळगुळीत दिसते, म्हणून तर बाई खूश होते. पुढं कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. लावणं थांबवलं की चेहरा आधीपेक्षा लाल आणि खडबडीत होतो, मग घाबरून बाई परत तीच डबी उघडते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टिरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. काही उजळवणाऱ्या मलमांत पारा सापडतो. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो.

तू पंधरा दिवसच लावलंयस, वेळेवर थांबते आहेस. थांबवल्यावर चेहरा लाल झाला, आग झाली तर परत लावू नकोस आणि दुसरं काही घरगुतीही थापू नकोस. सुटीच्या दिवशी ती डबी पिशवीत घाल आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत जा, डॉक्टरांना डबी दाखव. लाजू नकोस. अशा डब्या घेऊन येणाऱ्या बाया त्यांना नवीन नसतात. वजनाच्या पावडरीवरही घटकांची यादी आणि परवान्याचा नंबर नसेल तर तिलाही हात लावू नकोस.

आता तुझा प्रश्न. सगळं खोटं असतंय काय? नाही, सगळं खोटं नसतं, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. कपड्यांनी माणसाला मिळणारी वागणूक बदलते हे काउंटरमागं उभं राहणाऱ्या तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? एक बाई चांगली साडी नेसून दुकानात येते, तिच्यासाठी स्टूल पुढं येतं, चहा येतो, वरच्या फळीवरचा माल खाली उतरतो. दुसरी शेतातून परस्पर आलेली असते, तिला आधी किंमत सांगितली जाते. हे दुसऱ्या बाईच्या खिशात पैसे असले तरी घडतं. सिनेमानं हे बरोबर ओळखलंय. छान दिसावंसं वाटणं यात काही वाईट नाही. तुला ते वाटतं हे मला आवडलंच.

सिनेमा खोटं बोलतो ते दुसऱ्या जागी. मेकओव्हरच्या नंतरची मुलगी बऱ्यापैकी खरी असते. खोटी असते ती आधीची.

तुझ्या त्या सिनेमातली नटी अ‍ॅन हॅथवे. तो सिनेमा २००६ चा. त्याच्या पाच वर्षं आधी, २००१ मध्ये, तिचाच 'द प्रिन्सेस डायरीज' आला होता. त्यात तिचे केस कुरळे, भुवया दाट आणि डोळ्यांवर चष्मा. मग एक केशभूषाकार येतो, चष्मा मोडतो, केस सरळ करतो आणि राजकन्या तयार होते. एकाच देखण्या मुलीला दोन सिनेमांत आधी बेढब केलं आणि मग 'सुंदर केलं'. पाच वर्षांत दोनदा तीच गोष्ट, आणि आपण दोन्ही वेळा चकित झालो. ही युक्ती फार जुनी आहे. १९४२ च्या 'नाउ, व्हॉयेजर'मध्ये बेटी डेव्हिसला जाड भुवया आणि चष्मा लावून दबलेली, कोमेजलेली बाई केलं होतं आणि तिथंही एक डॉक्टर तिचा चष्मा हातात घेऊन मोडतो. आपल्याकडे १९८८ च्या 'खून भरी मांग'मध्ये रेखाच्या चेहऱ्यावर डाग रंगवला, मग प्लास्टिक सर्जरी होऊन ती मॉडेल झाली. प्रत्यक्षात रंगरंगोटी पुसली की खाली रेखाच होती. २००३ मध्ये टीव्हीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' सुरू झाली, फॅशन कंपनीतल्या साध्या मुलीची गोष्ट. मोना सिंगला दातांना तारा आणि जाड चष्मा लावला आणि तिचा खरा चेहरा कितीतरी दिवस लोकांपासून लपवून ठेवला, कारण तो दिसला असता तर गोष्टच संपली असती.

आणि आपल्या मराठीत? २०१९ ला 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. सावळ्या मुलीला किती सोसावं लागतं हे सांगणारी मालिका, तुझ्या आईनंही बघितली असेल. त्यातल्या नटीला मेकअपनं सावळं केलं होतं. सावळ्या मुलीची व्यथा सांगायलाही सावळी नटी घेतली नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तुझ्यासारख्या पोरी रात्री टीव्हीसमोर बसून वाट बघत असतात की कधीतरी आपल्यासारखी कोणीतरी दिसेल, आणि त्यांना दिसतो तो रंग लावलेला चेहरा, जो शूटिंग संपल्यावर धुतला जातो.

तेव्हा तू आरशात बघून स्वतःला त्या 'आधीच्या' मुलीच्या जागी ठेवतेस ना, तिथं चूक होते. ती जागा कोणाचीच नाही. ती मेकअपमॅननं चार तास खपून बनवलेली आहे, पुढं पुसायची म्हणूनच. तुझा रंग, तुझे कुरळे केस कोणी पुसायला म्हणून लावलेले नाहीत.

आता त्या सिनेमातला मान. तू म्हणतेस, कपडे बदलले आणि मान मिळाला. परत एकदा बघ. अँडीला, म्हणजे त्यातल्या त्या पोरीला, फॅशन मासिकातली ती नोकरी मिळते कधी? साध्या, जुन्या कपड्यांत मुलाखतीला जाते तेव्हा. तिची संपादक बाई मिरांडा पुढं स्वतः सांगते की आधीच्या सुंदर, सडपातळ मुली मूर्ख निघाल्या, म्हणून या खेपेला मी हुशार, जाडी मुलगी घेतली. म्हणजे दार उघडलं ते डोक्यानं, त्या जुन्या कपड्यांसकट. नंतर ती टिकते ती धावपळ करून, फोन करून, अशक्य कामं करून आणून, मिरांडाच्या जुळ्या मुलींसाठी न छापलेल्या पुस्तकाचं हस्तलिखित मिळवून. मधे कपड्यांचं गाणं येतं, देखणं असतं, आणि आपल्याला वाटतं सगळं त्या कोटांनी केलं. कष्ट पडद्यावर अर्ध्या मिनिटात उरकतात, कोट मात्र डोळ्यांसमोर राहतो.

आणखी एक. ते सगळे कपडे तिला फुकट मिळतात. मासिकाच्या कपाटातून, तिथल्या नायजेलच्या हातून. १९५७ च्या 'फनी फेस'मध्ये पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्नला पॅरिसला नेतात, तिथंही खर्च मासिकाचा. कुठं राजवाडा पैसे देतो, कुठं श्रीमंत प्रेमिक. मेकओव्हरचं बिल सिनेमातल्या मुलीला सहसा येत नाही. तुला मात्र १८ हजारांचं आलंय, आणि ते रात्री दिव्याखाली ब्लाउजला हूक लावून जमवलेल्या पैशांतून फेडायचंय.

या सगळ्या गोष्टींची आई म्हणावी अशी एक गोष्ट आपल्या भाषेत आहे, 'ती फुलराणी'. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून लिहिलेली. भक्ती बर्वेंनी १९७५ मध्ये त्यातली फुलवाली मंजुळा उभी केली, तेव्हापासून फुलराणी मराठी घराघरात आहे. पु. ल. काही काळ आपल्याच राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, त्यामुळं बेळगावकरांना त्यांचं जरा जास्तच प्रेम. लोकांना या गोष्टीतलं आठवतं ते काय? गबाळी फुलवाली सुंदर राणी झाली. पण शॉच्या मूळ नाटकात ती फुलवाली उच्चार शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या घरी का जाते, हे तू जरूर वाच. तिला कोणी उचलून नेत नाही. तिची तीच जाते, पैसे देऊन शिकायला. तिला रस्त्यावर फुलं विकायची नसतात, फुलांच्या दुकानात नोकरी हवी असते, आणि तिच्या बोलण्यामुळं तिला तिथं कोणी ठेवून घेत नाही. म्हणून ती म्हणते, मला बोलायला शिकवा, मी फी देते. ती मागते ते शिक्षण. दुकानातली मुलगी होण्यासाठी.

मग तिला आंघोळ घालतात, स्वच्छ कपडे देतात, आणि तिचा बाप तिला ओळखत नाही. एवढं एका दिवसातच होतं. बोलणं शिकायला महिनोन्‌महिने लागतात. मधे एक प्रसंग आहे : उत्तम कपडे घालून, उच्चार अगदी घोटून ती मोठ्या घरच्या बायकांत जाऊन बसते आणि आपल्या मावशीच्या मरणाची, दारूची हकिकत सांगायला लागते. कपडे पुरे झालेले असतात, शिक्षण व्हायचं असतं. कपड्यांचा मेकओव्हर एकटा किती लांब नेतो ते शॉनं एवढ्या एका प्रसंगात दाखवलंय. आणि शेवटी तिनं त्या प्राध्यापकाशी लग्न करावं असं प्रेक्षकांना फार वाटत होतं, तर शॉनं नाटकाला शेवटी लेख जोडून निक्षून सांगितलं की नाही, ती दुसऱ्याशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते.

तुझ्याकडे यातलं किती आधीच आहे बघ. चंदगडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येतात, त्यांच्याशी तू त्यांच्या बोलीत बोलतेस. बैलहोंगलकडची बाई आली की कानडीत 'बर्री अक्का, कुंदर्री', या, बसा, म्हणतेस. गोव्याहून आलेल्यांची कोंकणी तुला कळते, कॅम्पातल्या गिऱ्हाइकाशी हिंदी चालते. असं काउंटर सांभाळणारी मुलगी मालकाला रस्त्यावर सापडत नाही. शिवाय तुला शिवण येते. रेडिमेडच्या सेक्शनला सगळ्यात मोठी अडचण कसली असते? कुर्ता खांद्याला बसतो, छातीला अडतो. कंबरेला बसतो, दंडाला आवळतो. गिऱ्हाईक 'बघून येते' म्हणून जातं ते परत येत नाही. तिथं टेप गळ्यात असलेली, 'थांबा मावशी, बाजूची शिवण अर्धा इंच सोडते, संध्याकाळी घेऊन जावा' म्हणणारी मुलगी असली तर तो माल विकला जातो.

मालकांना जाऊन सरळ विचार : नव्या सेक्शनला येणाऱ्या मुलीनं काय काय केलं पाहिजे? आणि वरचं सगळं त्यांच्यापुढं मांड, आल्टरचं टेबल लावायचं सुचव. ते ऐकतील असं मला वाटतं, कारण त्यात त्यांचा फायदा आहे. समजा त्यांनी तोंडावर सांगितलं की गोरी मुलगी पाहिजे, तर मग ते तुला कळलेलं बरं. जो मालक कातडी बघून जागा देतो तो उद्या वय बघून काढून घेईल, आणि तिथं १८ हजार घालून तू किती दिवस टिकणार? बेळगावात कपड्यांची दुकानं एका गल्लीत संपत नाहीत.

जाडीबद्दल. सिनेमात ज्या अँडीला जाडी म्हणतात ती अमेरिकेच्या मापात सहा नंबर घालते. तुझ्या दुकानात ती मीडियमच्या आतबाहेर बसेल. सिनेमातली मिरांडाची दुसरी मदतनीस काही खात नाही आणि चक्कर येईल असं वाटलं की चीजचा एक तुकडा तोंडात टाकते, त्यावर आपण हसतो. तो सिनेमा २००६ च्या उन्हाळ्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल फॅशन शोमध्ये रॅम्पवरून उतरली आणि हृदय बंद पडून गेली. सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन वीकनं फारच कमी वजनाच्या मुलींना चालायला बंदी केली. २०१७ पासून फ्रान्समध्ये मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि जाहिरातीतल्या फोटोत अंग बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर तसं लिहावं लागतं. ज्यांच्या अंगाकडे बघून तू स्वतःला जाडी म्हणतेस, त्यांच्या जिवासाठी त्यांच्याच धंद्याला असे नियम करावे लागले. वजन कमी करायचं असेल तर ते गुडघे दुखतात, पाळी अनियमित आहे, दम लागतो अशा कारणानं डॉक्टरांना विचारून कर. पावडर पिऊन महिन्यात उतरवलेलं वजन, जेवायला लागलीस की परत येतं.

आणि एक गोष्ट तू रोज करतेस पण तिचा अर्थ लावलेला नाहीस. दुकानातल्या पुतळ्याला कुर्ता चढवतेस तेव्हा मागच्या बाजूनं पिना लावतेस ना? पुढून कसा चोपून बसलेला दिसतो. मासिकांच्या आणि जाहिरातींच्या फोटोतही हेच करतात, मॉडेलच्या पाठीमागं चिमटे लावलेले असतात, आणि सिनेमातले कपडे तर त्या एका नटीच्या मापाला कापून, पुन्हा पुन्हा अंगावर घालून दुरुस्त केलेले असतात. आपल्याला वाटतं तिचं अंग कपड्यात बसलं. खरं तर कपडा तिच्या अंगावर बसवलेला असतो. बसवणारा माणूस पडद्यावर येत नाही. मुली, तो माणूस तू आहेस. गावातल्या जाड दंडाच्या, पुढं पोट आलेल्या, एक खांदा उतरलेल्या किती बायकांना तू रात्री ब्लाउज बसवून देतेस, आणि त्या आरशापुढं उभ्या राहून पदर नीट करतात. तू हे कोणालाही गोरं न करता करतेस.

स्वतःसाठी कधी शिवलंस? मला वाटतं नाही. दोन कुर्ते आणि एक ब्लाउज स्वतःच्या मापाचे शीव. आताचं माप घे, बारीक झाल्यावरचं नको. मुंढा फार खाली उतरवू नकोस, हात वर केला की सगळा कपडा उचलला जातो. दंडाला मोकळं ठेव. छातीला आवळणारे टक्स घालण्यापेक्षा प्रिन्सेस कट घे. रंग तुला आवडेल तो. 'काळ्या रंगाला लाल शोभत नाही' असं कोणी म्हटलं तर त्यांना आपल्या इरकली नेसणाऱ्या आज्या दाखव, गडद अंगावर लालभडक टोप-पदर काय दिसतो ते.

पार्लरला जाऊच नको असं मी म्हणत नाही. भुवया कर, केस चांगले कापून घे. स्मूदनिंग मात्र विचारपूर्वक. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात आणि मुळाशी ते कुरळेच येतात, म्हणजे सहा महिन्यांत दोन इंच कुरळे आणि खाली सरळ, परत पैसे. त्यातल्या काही रसायनांतून फॉर्मॅल्डिहाइडची वाफ येते, डोळे-नाक चुरचुरतात ते त्यानं. कुरळ्या केसांना कोरडे असताना फणी घालू नकोस, ओले असताना बोटांनी गुंता काढ, तेल लाव, बांध. हजार-दीड हजारात सगळं होईल. पार्लरवाल्या ताईंवर तोंड सोडू नकोस, पण डबीत काय निघालं ते त्यांना सांग, त्यांच्याकडे आणखी पोरी जातायत.

मशीनच्या २६ हजारांना हात लावू नकोस. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात, लग्नसराई लागते, ब्लाउजांचे ढीग येतात. बघायला येणारा मुलगा आणि हा सीझन दोन्ही एकाच वेळी येतायत. मशीन त्याच्या आधी घरात आलं पाहिजे. नवीन जुकीला पैसे कमी पडले तर चांगली वापरलेली मिळते, पण स्वतः बसून जाड कापडावर आणि जॉर्जेटवर टाका घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस, आणि मोटर सर्व्हो घे, घरात आवाज आणि वीज दोन्ही कमी. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बसला शून्य तिकीट झाल्यानं तुझा जो रोजचा पैसा वाचतोय तो तसाच बाजूला टाकत राहा.

राहिलं स्थळ. मामीवर मी चिडणार नाही. तिला तिच्या वेळी असंच ताट घेऊन बसवलं असेल आणि असंच कोणीतरी खाली-वर बघितलं असेल. तिला भीती वाटते, त्या भीतीनं ती बोलते. पण तिला शांतपणे एक गोष्ट सांग : 'मामी, मलम लावून मी पसंत पडले तर लग्नानंतर पुण्यात रोज ते मलम लावावं लागेल. बंद केलं की सासरची म्हणतील फसवलं.' यावर तिच्याकडे उत्तर नसेल. 'फनी फेस'मध्ये ऑड्रीला नखशिखान्त बदलतात, आणि तिचा नायक फ्रेड अस्टेर तिच्याहून तीस वर्षांनी मोठा असून त्याला कोणी आरशासमोर बसवत नाही. आपल्या बैठकीतही तेच चालतं. मुलाचं पोट, त्याचं टक्कल, त्याची उंची यावर कोणी बोलत नाही. तू त्याच्या पोटाला नावं ठेवावीस असं मी म्हणत नाही. पण तू तिथं बघायला बसलेली आहेस हे विसरू नकोस. त्याला विचार : पुण्यात खोली किती मोठी आहे, मशीन मावेल काय? लग्नानंतर मी काम केलं तर चालेल काय, पैसे माझ्या खात्यात राहतील काय? पहिल्या भेटीतच विचार, मोठ्यांच्या देखत. तो गडबडला तर एक कळलं, सरळ उत्तर दिलं तर दुसरं कळलं.

आईला यातलं काय काय सांगितलंस ते पत्रात नाही. तिला आधी सांग, मामीशी बोलायच्या आधी. डॉक्टरांकडेही तिलाच घेऊन जा.

आणि सिनेमे बघणं सोडू नकोस गे. त्या गाण्यात अँडी एकामागून एक कोट बदलत रस्त्यावरून चालते, त्यातला हिरवा कोट तुला आठवत असेल, बिबट्याच्या ठिपक्यांची कॉलर असलेला. मोबाइलवर तिथं थांबव आणि खांद्याची शिवण बघ, कॉलर कशी उभी राहिलीय बघ. त्याचा खाका वर्तमानपत्रावर काढून बघ. असला कोट आपल्याकडे घालायला थंडी नाही, पण डिसेंबरातल्या लग्नात साडीवर घालायला तसल्या कॉलरचं छोटं जॅकेट शिवलंस तर नव्या सेक्शनच्या पुतळ्यावर ते पहिलं चढव. जमलं तर खाका मला पाठव, सदरात छापू.

तुझी,
आक्का